देवराईत सोडलेला खडा

हे खरं घडलेलं आहे. नाही पटलं तर सोडून द्या, मला कुणाला पटवायचं नाही.

२००३ चा डिसेंबर. रविवार. डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली देवराई. आणि वेळ भर दुपारची.

माझं माहेर अवसरी बुद्रुक. पण आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मूळ गाव धरणात गेलं. त्यातली एक देवराई तेवढी उरली, वर डोंगरात. कधी कुऱ्हाड न लागलेली, आभाळाला टेकलेली झाडं. आबांना एकदा तिथं जायचं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढंच.

माझा भाऊ भरत मंचर-घोडेगाव वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी, जीप चालवायचा. शनिवार आला की बेत ठरायचा. आई भाकरी बांधायची. आबा पहाटेच टोपी घालून ओट्यावर बसायचे... आणि भरतला नेमकं भाडं लागायचं.

वाट बघतच आबा गेले.

वर्षही सरलं नव्हतं आणि भरतने दोस्तांना घेऊन त्याच देवराईचा बेत आखला. आता बरा वेळ मिळाला! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

निघाले तिघंच. भरत, त्याचा मित्र संपत आणि मंचरचे गॅरेजवाले हनीफभाई. आमच्याकडे तिघं मिळून कुठं निघत नाहीत. निघायचंच झालं तर एक खडा चौथा म्हणून सोबत घेतात, आणि त्याला परत घरी आणतात.

आई म्हणाली, "तिघं नका जाऊ रं. खडा घे संगं."

भरतने अंगणातला खडा उचलला. हसत म्हणाला, "चला आबा! तुमची बी हौस फिटू द्या."

मी तिथंच उभी होते.

पुढचं मला हनीफभाईंनी सांगितलं. तो माणूस खोटं बोलणारा नाही.

वाटेतली शिनोली मागे पडली आणि जीप जड झाली... सपाट रस्त्यालाही ओढेना.

देवराईत शिरले. आत अंधारलेलं. एक पाखरू ओरडेना.

मग मागून खोकला आला...

आबांचा खोकला.

"कोण हाय?" संपत ओरडला. कुणीच नव्हतं. पाचोळा मात्र वाजत होता... कुणीतरी वहाणा घासत चालल्यासारखा.

भरत पांढराफटक पडला. त्याने खिशातून खडा काढला, झाडीत भिरकावला आणि जीपकडे पळत सुटला.

"ताई, जीप चालू केली तवा मागनं हाक आली," हनीफभाई म्हणाले. "'भरत, थांब रं...' आमी तिघांनीबी ऐकली. मी म्हनलं, थांब राव. पन त्यो थांबला न्हाई."

मेलेल्या बापासाठीही थांबला नाही.

संध्याकाळी आईने एवढंच विचारलं, "खडा कुठाय?"

भरतने मान खाली घातली.

आठवड्याने मी आणि आई एसटीने गेलो. पायथ्याशी उतरून डोंगर चढलो. देवराईच्या तोंडाशी आईने डोक्यावर पदर घेतला आणि हाक मारली, "अवं, घरी चला. मी न्यायला आलेय."

बराच वेळ काही नाही.

मग खोकला आला... अगदी जवळून. आईने हात पुढे केला.

पुन्हा आला. जरा लांबून.

मग त्याहून लांबून... पार आतल्या झाडीतून.

"अवं!" आई ओरडली.

नंतर काहीच ऐकू आलं नाही.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "त्यांना यायचं न्हाई, आरते. आपल्यापाशी त्यांचं काय राह्यलंय?" मंचर येईपर्यंत ती रडत होती.

भरत म्हणतो, भास झाला.

आई आता थकलीय. ती गेल्यावर तिची राख त्या देवराईत न्यायची, असं तिने सांगून ठेवलंय. भरतला नाही, मला.

मी हो म्हटलंय. पण तिला घेऊन त्या झाडांसमोर उभी राहिले, आणि आतला खोकला पुन्हा लांब जायला लागला, तर...?