पाचवा पल्ला

बाल्कनीला सरकत्या काचा बसवणं हे माझं काम. मुंबईत माणसं बाल्कनी हवी म्हणून भांडतात आणि ताबा मिळाला की त्याच आठवड्यात ती बंद करायला मला बोलावतात. माझी तक्रार नाही.

डिलाईल रोडला चाळीच्या जागी टॉवर झालाय. तिथे एकोणिसाव्या मजल्यावर सीमाताईंच्या घरी मी पाच पल्ले बसवले. वर रूळ, खाली रूळ, मध्ये जाड काच. पहिल्या पल्ल्याला आतून खटका. तो काढून पल्ला आत वळवायचा, मग दुसरा सरकवत त्याच जागी आणून वळवायचा, मग तिसरा. पाचव्याचा नंबर शेवटी. नळावर रांगेतल्या शेवटच्या बाईने पहिली कळशी भरावी आणि कोणी ओरडू नये, हे जितकं शक्य, तितकंच पाचव्याने आधी उघडणं शक्य.

आठवड्याभरात फोन आला.

"दादा, शेवटची काच आपोआप उघडते."

"पहिली म्हणायचंय का ताई?"

"मला मोजता येतं."

गेलो. सीमाताईंची ओवी, वय दहा महिने, लादीवर रांगत थेट बाल्कनीकडे निघाली होती. सीमाताईंनी तिचा पाय धरून तिला मागे ओढलं. ती पुन्हा निघाली. रेलिंगच्या गजांमध्ये एवढं अंतर होतं, की मूल आरामात पलीकडे जाईल. काचा तिच्यासाठीच लावल्या होत्या.

"काल दुपारी मी भांडी घासत होते," सीमाताई म्हणाल्या. "बाहेर येऊन बघते तर ही उघड्या काचेपाशी. एक हात गजांच्या बाहेर."

माझा संशय आजींवर. सुंदराबाई, सीमाताईंच्या सासू, कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. चाळीत आयुष्य गेलेली माणसं. बंद घरात जीव गुदमरतो, गुपचूप उघडतात आणि नाव येतं फिटरवर.

"आजी, काच तुम्ही उघडता का?"

"मी कशाला उघडू? ते उघडतात."

"ते कोण?"

"शेजारचे. भरदिवसा दार लावून बसलं की विचारायला येणारच ना माणसं. तू कुठला रे?"

"काळाचौकी."

"मग तुला काय सांगायचं?"

खरंच गरज नव्हती, मीही चाळीतच वाढलो. चाळीत दिवसा दार उघडंच असतं. बंद दिसलं, की जाणारा थाप मारून विचारतो, बरंय ना? आतून ओ आली की तो पुढे जातो. नाही आली तर चारजण खांदा लावतात. आमच्या मजल्यावर एका रात्रपाळीवाल्याचं दार असंच तोडलं होतं. तो झोपला होता. त्यानंतर तो झोपताना दारावर पाटी लावायचा : जिवंत आहे.

"पण आजी, इथे बाहेर गॅलरी नाही."

"तेच तर. कसे येतात कोण जाणे." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मी असले की ओ देते. काल दवाखान्यात गेले होते."

मी तिघींना शेजारच्या घरी बसायला पाठवलं. आजींना रंगेहाथ पकडायचं तर त्यांना घरात ठेवायला हवं होतं, हे खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. खटका लावला, त्यावर चिकटपट्टी मारली, पट्टीवर सही केली. पाचव्या पल्ल्याखाली रुळावर सपाटी बघायची लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

दीड वाजता काचेवर थाप पडली. बोटांची नाही, तळव्याची. दोनदा.

बाहेर ऊन होतं. समोरच्या टॉवरची क्रेन होती. बाकी काही नाही.

काच तापली की आवाज करते, असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. ते मी स्वतःला सांगितलं.

पुन्हा दोनदा. या वेळी पाचव्या पल्ल्यावर. तोंडाच्या उंचीवर काचेवर वाफ धरली आणि विरली.

मी ओ दिली नाही.

बुडबुडा सरकला.

पाचवा पल्ला आत झुकायला लागला. खांदा लावल्यावर दार झुकतं तसा, थोडा, मग आणखी थोडा. खटक्यावरची माझी सही जशीच्या तशी होती.

फटीतून रॉकेलचा वास आला. आणि ओल्या लुगड्यांचा.

लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं, "आहे, आहे! घरातच आहे मी!"

पल्ला थांबला. सावकाश जागेवर गेला.

मग पावलं पुढे गेली. मी मोजली, नऊ. ती बाल्कनी चार पावलांत संपते.

रिपोर्टवर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं. खटका नवीन लावला, कारण काहीतरी बदललेलं दिसलं की लोकांना बरं वाटतं. आजींना म्हटलं, ओ देत जा.

पंधरा दिवसांनी राहवेना म्हणून मीच फोन केला.

"सासूबाई गावी गेल्यात," सीमाताई म्हणाल्या. "त्याच आठवड्यात गेल्या."

"काच उघडली का?"

"नाही. एकदाही नाही."

"आणि थाप?"

"रोज. दीडला."

"मग ओ तुम्ही देता?"

"दादा, तुम्ही त्या दिवशी इथून किती वाजता निघालात?"

"अडीचला. का?"

"ओ बेडरूममधून येते. 'आहे, आहे, घरातच आहे मी.' आवाज तुमचा आहे."

मी हसून बघितलं. जमलं नाही.

"ताई, ओवी कुठे आहे?"

"इथेच आहे. बाल्कनीकडे आता फिरकत पण नाही." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "बेडरूमच्या दाराशी जाऊन बसते. दोन्ही हात वर करून. कोणीतरी उचलून घेणार असल्यासारखी."