भिंतीवरचं शहामृग

फ्लेक्सचे बोर्ड आले आणि फय्याज पेंटरचा ब्रश सुकला. कारंजा गावात एखाद्या दुकानाचं शटर नाहीतर ट्रॉलीमागचं नाव, एवढंच काम उरलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावरच्या शाळेची अख्खी भिंत त्याला मिळाली, तेव्हा तो मनापासून खूश झाला. विषय शाळेतल्या निता मॅडमनी दिला होता, आफ्रिकेतले प्राणी, आणि प्रत्येक चित्राखाली माहितीच्या ओळी. सोमवारी शाळा उघडली की जिल्ह्याचे साहेब भिंत बघणार होते. त्यांना आवडली तर आणखी शाळा मिळतील, असं मॅडम म्हणाल्या होत्या. फय्याजला तेवढंच हवं होतं.

मॅडमनी मोबाइलवर फोटो पाठवले होते. जिराफाच्या जिभेसाठी त्याने काळपट जांभळा रंग घोटला. त्याच्या एवढ्या लांब मानेत माणसासारखी सातच हाडं, हे लिहिताना त्याने स्वतःची मान चाचपून पाहिली. पाणघोडा पोहत नाही, पाण्याच्या तळावरून चालतो, हे वाचून तो एकटाच हसला. फोटो नसता तर आपण पाण्यात उभा घोडाच काढला असता, हे त्याला ठाऊक होतं.

फोटो नव्हता तो शेवटच्या प्राण्याचा. यादीत नाव होतं शहामृग. खाली ओळी होत्या: ‘याचा डोळा मेंदूपेक्षा मोठा असतो. ताशी सत्तर किलोमीटर धावतो. कळपाने राहतो.’ मॅडम माहेरी गेलेल्या, फोन लागेना. फय्याज शिकला उर्दू शाळेत, मराठी अक्षरं त्याने पाट्या रंगवता रंगवता गिरवली. कोणी उर्दूत शुतुरमुर्ग म्हटलं असतं तर त्याने डोळे मिटून काढला असता. पण शहा म्हणजे बादशहा आणि मृग म्हणजे हरीण. हरणांचा बादशहा, यात विचारायचं काय?

दोन दिवस खपून त्याने हरीण काढलं. उंच, तांबूस, मान ताठ, आणि ओळीत लिहिलं होतं म्हणून डोळे चांगले मोठे. स्टुलावरून उतरून तो मागे सरला आणि बराच वेळ पाहत राहिला. इतकं देखणं जनावर त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

दुपारी रुपाबाई चहा घेऊन आली. ती शाळेत खिचडी शिजवायची, सुट्टीत किल्ली तिच्याकडेच असे. अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे बोलायला तिलाही कोणी नव्हतं. चित्रापाशी येऊन ती थबकली.

“भाऊ, तुमी याले कोठी पाह्यलं?”

यादीत आहे, तो म्हणाला.

“रोही नाई हे. काळवीटबी नाई. चार वर्सं झाले, मी तुरीत पाह्यते याले. एकटंच असते.”

सोहोळचं काळविटांचं अभयारण्य जवळच, तिकडचं एखादं दांडगं जनावर असेल, असं म्हणून फय्याजने विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी हरणाच्या मानेवरचा रंग उडालेला दिसला. ऑइलपेंट पक्का वाळला होता, तरी तेवढी जागा गुळगुळीत झाली होती. बैल खुंटाला अंग घासतो तशी. खरबरीत गिलाव्यात आखूड तांबूस केस अडकले होते. कोणाची तरी गुरं सुटली असणार, तो पुटपुटला. मग रंग लावायला तो स्टुलावर चढला, आणि चढल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिथवर गुराची मान पोचत नाही.

शनिवारी ती जागा परत घासलेली होती.

“त्याले वाटलं, आपल्यातलंच कोनी आलं,” रुपाबाई म्हणाली. “म्हून येऊन राह्यलं.”

रविवारी निता मॅडम आल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शहामृग पक्षी आहे हो, म्हणत त्यांनी फोटो दाखवला. शुतुरमुर्ग! फय्याज कानापर्यंत लाल झाला. हरीण फार सुंदर आहे, पण उद्या साहेब येतील, एवढं मॅडम समजुतीने बोलल्या आणि गेल्या.

त्याने पांढऱ्या रंगाची बादली उघडली. रुपाबाई पायरीवरून उठून आली.

“पुसू नोका, भाऊ. त्याले दुसरं कोनी नाई.”

फय्याजला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. पण नावाखाली चुकीचं चित्र ठेवणाऱ्या पेंटरला दुसरी भिंत कोण देणार? त्याने रोलर बुडवला. पाय, पाठ, मग मान.

हात टेकला तर मान गरम लागली.

उन्हाने तापली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. भिंत उत्तरेची होती, सावलीतली.

डोळे त्याने सगळ्यात शेवटी पुसले.

सोमवारी सगळं छान पार पडलं. रात्रभर जागून काढलेलं शहामृग झकास उतरलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली, आणखी पाच शाळांची नावं दिली. रुपाबाईने त्याला खिचडी वाढली आणि निघताना फक्त एवढंच सांगितलं, की तुरीत ते आता नाही.

फय्याज दुपारीच घरी पोचला. त्याची बायको हुस्नाबानो उंबऱ्याशी बसून गोबी निवडत होती, दाराकडे पाठ करून. पाच शाळांची गोष्ट ऐकून ती इतकी खुलली, की हातातलं काम तसंच राहिलं. बरकत येऊन राह्यली आपल्या घरात, ती म्हणाली. बोलता बोलता तिने गोबीचा पाला मागे न बघताच खांद्यावरून दाराबाहेर धरला, गल्लीतल्या बकऱ्यांसाठी रोज धरते तसा. तिचा हात वर ओढला गेला.

“कोनाची बकरी हाय जी?” ती हसत म्हणाली. “लय उंचावरून ओढून राह्यली.”

फय्याज समोरच उभा होता. दारात कोणी नव्हतं. पाला तिच्या डोक्याच्याही वर होता, आणि वरच्या टोकाकडून सावकाश कमी होत होता.

तो संपला. तिचा हात तसाच उघडा राहिला.

फय्याजने टोपलीतलं दुसरं पान उचललं आणि तिच्या हातात दिलं.