लाल म्हणजे मानिनी

पहिल्या भेटीत मुलगा मुलीला काय देतो? फूल देतो, फार तर चॉकलेट. याने तिला लेंड्या दिल्या.

प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत सहा आठवडे शिकायला आलेली ती विद्यार्थिनी नव्याकोऱ्या पांढऱ्या कोटात दार शोधत फिरत होती. वळणावर बादली घेतलेला जिराफांचा कीपर तिच्यावर आदळता आदळता वाचला. त्याने कोटाकडे पाहिलं, हसला आणि एक पिशवी तिच्या हातात ठेवली.

"घ्या, डॉक्टरीणबाई. अजून गरम आहेत."

काम तसं सोपं होतं. एका कुंपणात दोन जिराफ, मादी मानिनी आणि नर खांबराव. लेंड्यांमधली हार्मोन्स मोजली की मादी गाभण आहे का, ते सुई न टोचता कळतं. पण लेंडी कोणाची, हे कसं ओळखायचं? म्हणून कीपर दोघांच्या खाण्यात चिमूटभर चमकी मिसळायचा. मानिनीला लाल, खांबरावाला हिरवी. लेंडीत जो रंग लुकलुकेल, त्याचं नाव तिने नळीवर लिहायचं.

अवघड होता तो कीपरच. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी पिशवी द्यायचा आणि उगाच रेंगाळायचा. एका पायात लाल मोजा, दुसऱ्या पायात हिरवा... फॅशन असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. आणि पाचव्या आठवड्यात तो बादलीकडे बघत म्हणाला,

"काल... त्या लाल स्वेटरमध्ये छान दिसत होतीस."

ती लाजली, आणि लगेच चपापली. काल तिने हिरवा स्वेटर घातला होता. लाल तर तिच्याकडे नव्हताच!

मग लालवाली कोण? तिकिटाच्या खिडकीतली?

"दोघींशी गोड बोलतो आणि कोणाशी काय बोललो ते विसरतो," फोनवर मोठ्या बहिणीने निकाल दिला. "सोड त्याला."

"अगं ताई, सोडायला आधी धरायला हवं ना?"

"धरलं नाहीस?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

त्यातच शुक्रवारी प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिचा आलेख टेबलावर पसरला. "पहिले दोन आठवडे मानिनी गाभण. मग आकडा एकदम खाली. आणि वर कोण गेलं? खांबराव! नर गाभण राहिला की काय?"

तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या मानिनीला दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात न्यायला ट्रक येतोय. गाभण असेल तर तो प्रवास म्हणजे पिल्लाच्या जिवाशी खेळ. चारपर्यंत घोळ शोध, नाहीतर मला शेवटचाच आकडा धरावा लागेल."

तिने वही उघडली. आकडे उलटले तो पंधरावा दिवस. त्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'चाऱ्याच्या खोलीतली फळी आवरली.' ती धावतच तिकडे गेली.

कीपर दुपारचं खाणं कालवत होता. त्याने न बघता फळीवरची डावीकडची चमकीची बाटली उचलली आणि मानिनीच्या घमेल्यावर धरली.

"अरे, ती हिरवी आहे!"

त्याचा हात थबकला. "डावीकडची... मानिनीची ना?"

तिने त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. मग तो स्वेटर आठवला.

"तुला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही?"

"दोन्ही मातकट दिसतात," तो हळूच म्हणाला. "जागेवरून ओळखतो. कोणाला सांगू नकोस गं... काम जाईल."

म्हणजे लालवाली कोणी नव्हतीच! तिला इतका आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली. फळी आवरताना बाटल्यांची अदलाबदल तिनेच केली होती. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"मॅडम, चूक माझी. बाटल्या मी हलवल्या," तिने जाऊन सांगितलं.

"पण त्याला रंग दिसले नाहीत?"

ती वहीची पानं उलटू लागली.

"नाही दिसत, मॅडम." टोपी हातात घेऊन तो दारात उभा होता. "सहा वर्षं लपवलं. पण मानिनीला ट्रकमध्ये चढवू नका. ती गाभण आहे."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग फोन उचलून ट्रक रद्द केला. "उद्यापासून निळी आणि पिवळी चमकी. बाटल्यांवर नावंही लिही. जा, कामाला लाग."

शेवटच्या दिवशी ती ताईचा पिवळा स्वेटर घालून खिडकीशी बसली. तो आला, रेंगाळला.

"आज पिवळा. हा नक्की."

"आणि त्या दिवशीचा?"

"रंग चुकला. छान दिसत होतीस, ते नाही चुकलं." त्याने बादली खाली ठेवली. "मला... तू आवडतेस."

त्याने नेहमीसारखी पिशवी पुढे केली. आत गुलाबाचं इवलंसं रोप होतं.

"खत घरचंच आहे," तो म्हणाला. "फूल लाल आहे ना?"

"अजून घट्ट कळी आहे. हिरवीगार!"

तो पार गोंधळला. "दुकानदार म्हणाला होता, लाल होईल..."

"मग झालं की सांगेन."

"फोटो पाठवू नकोस हं. मला कळणार नाही."

"म्हणून तर," रोप छातीशी धरत ती म्हणाली, "येऊनच सांगावं लागेल ना!"