निळ्या गाडीतला वास

"दार लावू नकोस देयान! आधी वास घे!" इग्लिका ओरडली.

देयाननं निळ्या गाडीत डोकं घातलं आणि नाक मुरडलं. "कसला? बाबांच्या मोज्यांचा?"

"गप रे! नीट घे."

हर्मान्ली गावात दुपारी एकलाच पारा एक्केचाळीसवर गेला होता. गाडीच्या आत तर भट्टीच! पण त्या कोंदट हवेत आणखी काहीतरी होतं, अगदी हलकं.

"शेगडीच्या सिलिंडरसारखा येतोय," देयान हळूच म्हणाला. त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली.

बारा वर्षांची इग्लिका सुट्टीसाठी मामाकडे आली होती. देयान तिचा मामेभाऊ, तिच्याहून वर्षानं मोठा. पण यंदा सुट्टीत कुणाचंच लक्ष नव्हतं. आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया उद्यावर आली होती. आज सातच्या आत त्यांना प्लॉवदिव शहरातल्या रुग्णालयात पोचवायचं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, वाटेत ऊन अजिबात लागता कामा नये. नेमका आजच गाडीचा एसी गरम फुंकर मारत होता!

स्तामेन मामानं बाजारातल्या दुकानदार गेंचोकडून डबे आणून त्यात दोनदा गॅस भरला होता. दोन्ही वेळा चार दिवस गारवा टिकला, पाचव्या दिवशी पुन्हा बोंब.

"मामा, गाडीत गॅसचा वास येतोय," जेवताना इग्लिका म्हणाली.

"एसीत गॅस असतो, म्हणून गॅसचा वास! त्यात काय शोध लावलास?" मामानं काकडी-दह्याचं गार सार ओरपलं. "जरा डुलकी काढतो, मग तिसरा डबा भरतो. चारला निघायचं!"

मामा घोरायला लागला, पण इग्लिकाला चैन पडेना. शेजारच्या झ्लात्का काकूंनी तीस वर्षं फळांच्या कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळली होती. थंडाव्याच्या नळ्यांतल्या गॅसला वास नसतो, असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. दोघं धावत त्यांच्याकडे गेले. दाराला कुलूप!

"आपणच बघू," इग्लिका म्हणाली. "गळतंय कुठून ते तरी कळेल."

देयाननं भांडी घासायचा साबण पाण्यात कालवला. बॉनेट उघडून इग्लिकानं रंगाच्या ब्रशनं नळ्यांच्या जोडांवर फेस लावला. पहिला जोड, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा जोड पार मागे, पुढच्या काचेच्या खाली होता. तिथं फेस हळूच फुगला. मुंगीच्या अंड्यांएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले.

"सापडलं!" देयान पुटपुटला. "आणि बघ, गाडीत हवा ओढणारी जाळी इथंच आहे. म्हणून वास आत येतो!"

"पण वास आलाच कसा?"

इग्लिकानं गेंचोचा तिसरा डबा उचलला. त्यावर बर्फाचं चित्र होतं, पण कागद तिरपा चिकटवलेला. तिनं ओल्या फडक्यानं कोपरा भिजवला आणि नखानं सोलला. खाली दुसरंच चित्र होतं: तंबू, छोटी शेगडी आणि लाल ज्वाळेची खूण!

"अगं... हा तर सहलीच्या शेगडीचा गॅस आहे!" देयानचा आवाज चिरकला. "हा गाडीत भरलाय? दोनदा?"

"अरे वा! बॉनेट उघडून ठेवलंत का?"

मामा आला होता. ओठांत सिगारेट, हातात लायटर! "गळती शोधायची एक जुनी युक्ती आहे. जोडांवरून ज्योत फिरवायची. लगेच कळतं!"

"मामा, थांब! हा गॅस..."

"मध्ये मध्ये करू नका, उशीर होतोय!" मामा बॉनेटवर वाकला. लायटर खटकन वाजला. ठिणगी उडाली, पण ज्योत पेटली नाही.

"बाबा, नको!" देयान किंचाळला.

मामानं पुन्हा अंगठा ठेवला. बोलण्यात वेळ घालवून चालणार नव्हतं. टोमॅटोच्या वाफ्यात पाण्याची नळी चालू होती. इग्लिकानं ती उचलली, नळीच्या तोंडावर बोट दाबलं आणि पाण्याचा फवारा सरळ मामावर सोडला!

"अगं ए! वेड लागलं का तुला?" मामा निथळत मागे सरला. सिगारेटचा लगदा झाला. लायटर हातातून निसटला. देयाननं तो झडप घालून उचलला आणि कुंपणाबाहेर पळाला.

ओरडा ऐकून फाटकातून झ्लात्का काकू आत आल्या. त्यांच्या काखेत कलिंगड होतं. इग्लिकानं डबा पुढे केला. काकूंनी तो वाचला आणि कलिंगड खाली ठेवलं.

"स्तामेन, या दिवसांत गाडीत सिगारेट ओढलीस?"

"हो... कालच. माझे बाबा शेजारीच बसले होते." बोलता बोलता मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो पायरीवर मटकन बसला.

"बसू नकोस, गाडी ढकल!" काकू कडाडल्या. "इंजिन सुरू करायचं नाही. एकही बटण दाबायचं नाही!"

चौघांनी गाडी मोकळ्या जागेत नेली आणि सगळी दारं उघडून ठेवली. काकूंनी आपली यंत्रं आणली, आतला सगळा गॅस एका रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि मग पाना लावला. जोडातून रबराची चपटी, तडकलेली कडी निघाली. नवी कडी बसवायला काकूंची बोटं त्या फटीत जाईनात, मामाची तर नाहीच नाही.

"पोरी, तू बघ. तेल लाव आणि पीळ पडू देऊ नकोस."

इग्लिकाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. कडी एकदा निसटली. दुसऱ्यांदा अचूक बसली!

मग पंपानं अर्धा तास नळ्यांतली हवा ओढली. काकूंनी पंप बंद केला. "आता वीस मिनिटं या दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही, तर गळती गेली म्हणायची."

चार वाजून गेले होते. ओसरीत आजोबा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते. सगळ्यांचे डोळे त्या काट्यावर.

"हलला!" देयान ओरडला.

"तू नळीवर पाय दिलायस, गाढवा!" इग्लिकानं त्याला मागे खेचलं.

वीस मिनिटं झाली. काटा तिथंच होता! काकूंनी योग्य तो गॅस तोलून भरला आणि मामाला खूण केली. इंजिन घुरघुरलं. आधी गरम हवा आली, मग कोमट, आणि मग इग्लिकाच्या ओल्या कपाळाला गार झुळूक लागली.

"निघा!" काकू म्हणाल्या. "मी हा डबा घेऊन पोलिसांकडे जाते."

साडेसहाला गाडी रुग्णालयाच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी आजोबांची नाडी पाहिली. "वाटेत उन्हाचा त्रास झाला का?"

"ऊन?" आजोबा म्हणाले. "अहो, अर्ध्या वाटेत मी स्वेटर मागितला!"

तेवढ्यात काकूंचा फोन आला. गेंचोच्या दुकानात तसले आणखी अकरा डबे सापडले होते. ज्यांना त्यानं डबे विकले, त्या सगळ्यांना पोलीस निरोप देत होते.

मामानं फोन खिशात ठेवला. त्यानं एक हात इग्लिकाच्या खांद्यावर ठेवला, दुसरा देयानच्या. "डॉक्टर, ही माझी भाची आणि हा माझा मुलगा. मी ऐकत नव्हतो, तरी यांनी आम्हाला जिवंत इथवर आणलं."

इग्लिका हसत हसत बाकावर बसली आणि तिनं देयानलाही शेजारी ओढलं.