उल्केचा पंचनामा

रविवारची जेवणं उरकली. मृणाल ओटा पुसून हात कोरडे करते आहे तोच पुढच्या खोलीतून रेवाची हाक आली, "आई, मला बांध ना!"

रेवा जेवणाच्या टेबलाशी ताठ बसली होती. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे आणि मांडीवर मृणालचीच जुनी ओढणी.

"कशाला बांधू?" मृणालने हसत विचारलं.

"मी उल्का आहे. तू मला बांधायचं, मग मी ओरडणार, मग कुणीतरी येणार."

"कुणीतरी कशाला? तूच सोड की गाठ."

रेवाने आईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग कोण येणार?"

मृणालचं हसू विरलं. पहिलीतली पोर ती, खेळच तो. पण असला खेळ आपल्या घरात यावा, तोही उल्केच्या नावाने, हे तिला सहन होईना.

उल्का म्हणजे 'सप्तशूर' या चित्रकथामालेतली एकुलती एक बाई. सहा पुरुष आणि ही. हिच्या तळहातांत लोखंड मेणासारखं मऊ व्हायचं. पहिल्याच अंकात धरणाचा निखळलेला दरवाजा तिने एकटीने धरून ठेवला होता आणि तेही नाकावरचा जाड काचांचा चष्मा सांभाळत. शाळेत पोरं मृणालला 'ढापणी' म्हणायची. तो अंक हाती आला त्या दिवसापासून ढापणीची मान वर झाली. पुढे तिने सांगलीत चष्म्याचं दुकान काढलं, लोकांचे डोळे तपासू लागली, त्यात उल्केचा वाटा होताच.

उल्केचा चष्मा मात्र तिसऱ्या अंकातच गेला. मग बाह्या गेल्या. हिमालयातल्या लढाईत सहाही पुरुष मानेपर्यंत चिलखतात आणि ही बाई उघड्या पोटाने बर्फात! कंबर अशी पिळलेली की पाठ आणि छाती एकदमच दिसावी. खऱ्या बाईने तसं उभं राहून दाखवलं तर तिला थेट हाडवैद्याकडेच न्यावं लागेल. शिवाय दर अंकात कुणीतरी तिला बांधायचंच. कशाने, तर लोखंडी साखळीने! लोखंड वितळवणाऱ्या बाईला लोखंडाने बांधायचं आणि वर सहाजणांनी येऊन सोडवायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघतं, या विचाराने मृणालचं डोकं उठायचं.

मग जागता कागद आला. त्याच्या शाईत डोळ्यांना न दिसणारे कण होते. वाचणाऱ्याची नजर कुठे आणि किती वेळ टेकते ते हे कण टिपून ठेवत आणि महिना उलटला की आपापल्या जागा बदलून नवा अंक रेखाटत. पुस्तक तेच, गोष्ट नवी. एका घराला एक प्रत; घरातल्या सगळ्यांची नजर तिच्यात मुरायची. आता चित्रकार नाही, छापखाना नाही, वाचकाला हवं तेच चित्र निघेल, अशी जाहिरात झाली. मृणालला वाटलं, सुटली बिचारी.

सुटते कसली! साखळ्या उलट वाढल्याच. तेव्हा मृणालने आणि मिरजेच्या नाझनीनने मिळून 'उल्का बचाव मंडळ' काढलं. मंडळाचा शिरस्ता असा, की नवा अंक आला की रविवारी त्याचा पंचनामा करायचा. आक्षेपार्ह चौकट सापडली की सगळ्याजणी आपापल्या घरी प्रत उघडून ती निरखत. साखळीचे वेढे कुठून कुठे गेलेत, अंगावर कापड कितीसं उरलंय, ओठ उघडे ठेवलेत का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि प्रकाशकांना फोनवर सुनवायचं. तिकडून दरवेळी तोच मधाळ आवाज यायचा, "ताई, आम्ही काहीच काढत नाही. तुमच्या घरी जे बघितलं जातं, तेच कागद काढतो."

"म्हणजे आम्हाला हे बघायला आवडतं, असं म्हणायचंय तुम्हाला?" मृणाल कडाडायची आणि फोन आपटायची.

त्या रविवारी ओढणी कपाटात टाकून तिने पंचनाम्यासाठी नवा अंक उघडला. पहिल्याच पानावर उल्का एका खुर्चीत जखडलेली. पान उलटलं, तीच खुर्ची. त्यापुढेही तीच. खलनायक नव्हता, सहा शूर नव्हते, गोष्टच नव्हती. नुसती खोली, साखळ्या आणि ती. आजवर उल्का निदान दाराकडे बघायची. आता ती चौकटीबाहेर बघत होती.

मृणालने पुस्तक बाजूला सरकवलं, मग स्वतः सरकून पाहिलं. नजर तिच्यावरच. समोर बघणारं चित्र कुठूनही आपल्याकडेच बघतं, हे तिला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने पुस्तक पालथं घातलं.

दोनेक दिवसांनी दुकानात एक म्हातारे आण्णा डोळे दाखवायला आले. नजर पडद्यावर कशी फिरते ते दाखवणारं एक यंत्र मृणालकडे होतं. समोर बागेचं चित्र लावायचं, आणि पेशंट जिथे बघेल तिथे लाल ठिपका उमटतो. आण्णांचा ठिपका फुलांवर गेला नाही की कारंज्यावर गेला नाही. झाडाच्या बुंध्यावर चित्रकाराने गंमत म्हणून एक पाल काढली होती, तिच्यावरच तो चिकटून बसला.

"आण्णा, पाल फारच आवडलेली दिसते," मृणालने चिडवलं.

"आवडतीय कसली!" आण्णांनी अंग चोरलं. "लई किळस हाय मला तिची. पण पाल दिसली की दुसरीकडं बघवतच न्हाई बघा. नजर काढली आन् अंगावर आली म्हंजे?"

मृणालने यंत्राकडे पाहिलं. लाल ठिपका ढळला नव्हता. यंत्राला त्यातलं काय कळणार? कुणी प्रेमाने बघो नाहीतर किळसेने, यंत्राला नजर तेवढी कळते. मग कागदाला तरी काय कळत असणार? आण्णांना कसाबसा नंबर काढून दिला आणि तिने नाझनीनला फोन लावला.

"तुझ्या अम्मींकडे आहे ना गं प्रत? त्या कुठे आपल्या पंचनाम्यात असतात! जरा बघून ये."

नाझनीनचं माहेर दोन गल्ल्या सोडून. थोड्या वेळाने तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"मृणाल, अम्मीच्या पुस्तकात उल्केला कुणी बांधलेलंच नाही गं. अम्मीला कृष्णेतल्या मगरी बघायचा नाद ना, तर पानोपानी नुसत्या मगरी. आणि सगळ्यांत मोठीच्या पाठीवर उल्का बसलीय. चष्मा लावून."

"चष्मा?"

"हो. जाड काचांचा. म्हणजे ती साखळी इतके महिने आपणच..."

मंडळाने ठरवलं, पंचनामे बंद. महिनाभर त्या चौकटींवर नजर टेकवायचीच नाही, पान येताच उलटून टाकायचं. बोलायला सोपं होतं ते. मृणालची नजर वळून वळून साखळीवरच जायची आणि मग तिला स्वतःचाच संताप यायचा. शेवटी तिने पुस्तक उंच फळीवर ठेवलं. रेवाच्या हाती तर ते पडू द्यायचंच नव्हतं.

पुस्तकावरून काढलेली नजर रेवाकडे वळली. डब्याचं झाकण घट्ट बसलं की पोर स्वतः झटते, की कुणाची वाट बघत थांबते? सायकलवरून पडली तर आधी उठते, की आधी ओरडते? मृणाल दारातून बघे, खिडकीतून बघे. लेकीत उल्का कुठवर भिनलीय, याची तिला अतोनात भीती बसली होती. रेवा खेळता खेळता थबकायची, आईकडे पाहायची आणि हातातलं खेळणं ठेवून द्यायची.

महिना उलटला. दुपारी मृणालने पुस्तक खाली काढलं. साखळ्या सुटल्या होत्या! खुर्चीभोवती फरशीवर पडल्या होत्या. पण उल्का उठली नव्हती. मोकळे हात पाठीमागे धरून ती तशीच बसून होती. तिचे खांदे पुसट झाले होते, पावलं तर नव्हतीच. पुस्तक फळीवर गेल्यापासून या घरात तिच्यावर कुणाची नजर टेकली नव्हती, मग कागदाने तिला रेखाटावं तरी कशावरून? गडद होते ते फक्त तिचे डोळे आणि ते थेट मृणालकडे बघत होते.

बघावं तर साखळी, न बघावं तर ही अशी पुसून जाणार. मृणालने मान वर केली.

टेबलाशी रेवा बसली होती. ताठ. हात खुर्चीच्या पाठीमागे.

"कुणी बांधलं तुला?" मृणालचा आवाज चिरका निघाला.

"कुणी नाही."

"मग ऊठ बरं. चल, ऊठ."

"येत नाही उठता."

"का गं सोन्या?"

"तू बघतेयस ना," रेवा शांतपणे म्हणाली. "तू अशी बघत असलीस की मला उठता येत नाही."

अशी म्हणजे कशी, हे मृणालने विचारलं नाही, तिला ते कळलं होतं. लेकीला वाचवायला म्हणून महिनाभर ती त्याच नजरेने बघत होती, जिने साखळीचा एकेक वेढा मोजला होता. पुस्तक मिटून तिने टेबलावर ठेवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"नाही बघत हं," ती म्हणाली. डोळे तिने गच्च मिटून घेतले होते.

मागे कसलीच हालचाल नव्हती. मग काहीतरी करकरलं. खुर्चीच असेल. की पुस्तकाचं एखादं पान आपसूक उलटलं? मृणाल कानांत प्राण आणून ऐकत राहिली. पोर उठून पळाली, की पोटऱ्यांपासून हळूहळू पुसट होत तिथेच बसलीय, हे वळून बघितल्याखेरीज तिला कसं कळणार होतं?