बीजेची दशी

ही गोष्ट खरी आहे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. आता लोकांना घाबरवून मला काय मिळायचंय? यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं राजेश्वरीनं सांगितलं, आणि ती आज माझ्याच घरात राहते.

दिवस पक्का आठवतो. तीन नोव्हेंबर २०२४. रविवार. भाऊबीज. अकोले तालुक्यातलं राजूर. वेळ दिवेलागणीची.

राजेश्वरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, गोजरबाईची, लेक. वय चौतीस. चार वर्षांपूर्वी सासर सोडून माहेरी आलेली. पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. पण तिचं खरं वेड वेगळंच होतं. जुना कपडा हातात दिला की तो कोणत्या सालचा, कुणी शिवलेला, हे ती सांगायची. पुण्या-मुंबईचे लोक मोबाईलवर आजीच्या फ्रॉकचे फोटो पाठवून तिला विचारायचे.

गोजरबाईला त्याचं कौतुक नव्हतं. "लोकाच्या आज्यांची कापडं वळखती," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सोताचा नवरा न्हाई वळखता आला."

राजेश्वरी हसून मशीन चालू करायची. आवाजात बाकीचं ऐकू येत नसे.

तिचा धाकटा भाऊ वाल्मिक. अठ्ठावीसचा. भंडारदऱ्याला पर्यटकांची जीप चालवायचा. डोक्यावर दाट काळे केस, आणि खिशात कायम कंगवा. आईचा जीव त्याच्यात.

त्या दिवशी दुपारी वाल्मिक आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. धरणाजवळचा एक जुना बंगला पाडायला काढला होता. तिथल्या पत्र्याच्या पेटीत त्याला ते सापडलं.

"ताई, तुला जुन्या चिंध्या लई आवडत्यात ना? ही घे तुझी ओवाळणी."

गोजरबाई आतून ओरडली, की ओवाळायच्या आधी कुणी ओवाळणी घेतं का. पण राजेश्वरीनं कागद सोडवलासुद्धा.

आत एक ड्रेस होता. विलायती धाटणीचा. एके काळी पांढरा असावा, आता जुन्या दातासारखा पिवळा. उजव्या खांद्यावर कसरीनं पाडलेली तीन भोकं. आणि डाव्या बरगडीखाली तळहाताएवढा तपकिरी डाग.

तिनं तो उलटा केला आणि खाली बसून वाचायला लागली. हो, वाचायलाच. डाव्या कुशीला पितळी झिप, हिरवा कळंक चढून अडकलेली. म्हणजे नायलॉनच्या झिपा यायच्या आधीचा. धुण्याच्या सूचनांची पट्टी नाही. आतल्या शिवणीच्या कडा हातानं गुंफलेल्या. कमरेच्या आतल्या फितीवर लाल रेशमानं विणलेलं नाव होतं, मुंबईतल्या कुठल्या तरी मॅडमच्या दुकानाचं, आणि खाली आकडा, ११४.

कागदावर साल होतं १९५७. वाल्मिक म्हणाला, झालं की मग. ती म्हणाली, ही घडी घातल्याची तारीख, शिवल्याची नव्हे.

मग तिनं शिवणीतून एक धागा काढून मेणबत्तीवर धरला. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. अस्सल रेशीम.

वाल्मिकनं नाक मुरडलं. "माझंच डोकं जळाल्यागत वाटलं बघ."

आम्ही सगळे हसलो.

संध्याकाळी तिनं तो अंगात घालून पाहिला. कपड्याचा कट अंगावरच कळतो, असं तिचं म्हणणं. झिप अर्ध्यावरच अडकली, पण बाकी ड्रेस असा बसला, जणू तिचंच माप घेतलं होतं.

तेवढ्यात गोजरबाईनं स्लॅबवरून हाक मारली. चंद्र दिसला होता.

बीजेची कोर फार वेळ थांबत नाही. आणि भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळायचं, मग भावाला. राजेश्वरीनं ड्रेसवरच शाल ओढली आणि ती जिना चढली.

आमच्या लहानपणी बीजेला सगळ्या बाया अंगणात यायच्या. कोर दिसली की नेसत्या लुगड्याची एक दशी, म्हणजे सुटा धागा, ओढून चंद्राकडे सोडायची आणि म्हणायचं, 'जुनं घे, नवं दे.' तेव्हा लुगडी सुती असायची. बोट लावलं की दशी निघायची. आताच्या साड्यांतून बोट कापलं तरी धागा येत नाही. पण गोजरबाईनं ही रीत सोडली नव्हती.

रतनगडाच्या अंगाला नखाएवढी कोर होती. राजेश्वरीनं ओवाळलं. मग सवयीनं शालीखाली हात घातला. दशी आपणहून हातात आल्यासारखी निघाली.

"जुनं घे, नवं दे."

ते जुनं तिचं नव्हतं. कुणाचं होतं, तेही तिला माहीत नव्हतं.

ती खाली आली. वाल्मिक पाटावर बसला होता. तिनं त्याला ओवाळलं...

आणि निरांजन विझलं. वारा नव्हता. तेल भरपूर होतं.

गोजरबाईनं ते पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरीनं फोटो काढायला ड्रेस घेतला. अडकलेली झिप... अलगद खाली आली. पितळ नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

तिला वाटलं, आपणच काल तेल लावलं असेल.

चौथ्या दिवशी खांद्यावरची भोकं दोनच उरली होती.

तिनं भिंग आणलं. रफू नव्हतं. धागे सलग होते, मुळात कधी तुटलेच नव्हते असे.

त्याच दिवशी वाल्मिक आरशापुढं उभा राहून हसत आईला म्हणाला, बघ, पांढरे केस आले. दोन-चार नव्हते. कानशिलं पार पांढरी झाली होती.

मी दिवाळीला गेलेले, महिनाभर तिथंच राहिले. त्यामुळे पुढचं सगळं पाहिलं. ड्रेस कपाटात कुलपात असायचा. रोज दिवे लागले की कपाटातून आवाज यायचा. झिप वर ओढल्याचा. सावकाश... एकेक दात मोजत ओढल्यासारखा. मग थांबायचा. उघडून पाहिलं की झिप बंद असायची.

पंधरा दिवसांत वाल्मिकची दाढ पडली. हाताची कातडी सैल झाली. जीपचा गिअर टाकताना हात थरथरायला लागला, तेव्हा मालकानं त्याला घरी बसवलं. संगमनेरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं ठीक होतं. शेवटी त्यांनी विचारलं, वय नक्की अठ्ठावीसच ना?

एके सकाळी तो उघड्या अंगानं दारात उन्हाला बसला होता. राजेश्वरी चहा द्यायला गेली, आणि कप तिच्या हातातून पडला.

त्याच्या उजव्या खांद्यावर तीन खड्डे होते. ओळीत. आणि डाव्या बरगडीखाली... तळहाताएवढा तपकिरी डाग.

ती धावत कपाटाकडे गेली. ड्रेसवर डाग नव्हता. भोकं नव्हती. पिवळेपणा गेला होता. आता तो कुणी दाखवला असता, तर तिनं सांगितलं असतं, मागच्या आठवड्यात शिवलाय.

तिनं आईला सगळं सांगितलं. दशीचंही.

गोजरबाईनं ड्रेस ओढून घेतला आणि मागच्या चुलीत कोंबला. जाळ धरला. केस जळाल्याचा वास आला.

आणि आतल्या खोलीतून वाल्मिकची किंकाळी...

आम्ही धावलो. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर हाताला राख लागली. एका बाजूचे केस मुळापर्यंत करपले होते.

राजेश्वरीनं उघड्या हातांनी ड्रेस चुलीतून ओढला. तिची बोटं भाजली. ड्रेसवर काजळीचा एक ठिपका होता, तोही संध्याकाळपर्यंत गेला.

त्या दिवशी गोजरबाई उंबऱ्यावर येऊन बसली. मग तिनं लेकीला जवळ बोलावलं. आवाज अगदी शांत होता.

"दशी कशाची हुती?"

"ड्रेसची."

"आन् ड्रेस कुनाच्या अंगावर हुता?"

"माझ्या."

"मग माझ्या पोरानं का भरायचं?"

राजेश्वरी म्हणाली, दशी सोडलेल्या हातानंच मी त्याला ओवाळलं. मी तिथंच तांदूळ निवडत होते.

मार्गशीर्षातली बीज आली. वाल्मिक आता काठी घेऊन मोरीपर्यंत जायचा. सकाळीच गोजरबाईनं ट्रंकेतून आपलं एक जुनं सुती लुगडं काढलं. निळं, तांबड्या काठाचं. धुतलं. वाळवलं. घडी घालून लेकीच्या हातात दिलं.

"आज सुती नेस, राजी. बीज हाय."

चार वर्षांत तिनं लेकीला राजी म्हणून हाक मारली नव्हती. राजेश्वरीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आईचा राग उतरला. तिनं ते लुगडं मोठ्या हौसेनं नेसलं. मला विचारलंसुद्धा, मावशी, कसं दिसतंय?

छान दिसतंय, मी म्हणाले.

मला कळलं होतं. गोजरबाईच्या अंगावर नायलॉनची साडी होती आणि लेकीच्या अंगावर सुती लुगडं. तीस वर्षं बीजेला सुती नेसणारी माझी बहीण त्या दिवशी नायलॉन नेसली होती. मला सकाळीच कळलं होतं.

स्लॅबवर आम्ही तिघीच होतो. कोर वर आली. राजेश्वरीनं भावासाठी डोळे मिटून हात जोडले. गोजरबाई तिच्या मागं उभी होती. तिचा हात पुढं आला. लेकीच्या पदराला दोन बोटं लागली...

एवढासा आवाज झाला. धागा सुटल्याचा.

"हिचं घे," गोजरबाई पुटपुटली. "त्याचं दे."

राजेश्वरीनं डोळे उघडले तेव्हा आई काहीच न घडल्यासारखी चंद्राला नमस्कार करत होती.

मी खाली बघत होते.

वाल्मिक आठ दिवसांत काठीशिवाय चालू लागला. केस मुळापासून काळे आले. गोजरबाईनं आळीत पेढे वाटले. ड्रेस मात्र कपाटात नव्हता. कुलूप होतं, किल्ली राजेश्वरीच्या कमरेला होती, आणि आतल्या हँगरवर काहीच नव्हतं. नुसता हँगर हलत होता.

आईनं काय केलं, ते राजेश्वरीला कळलं अंघोळीच्या वेळी. साबणाचा हात डाव्या बरगडीखाली गेला आणि तिथंच थांबला.

तिनं आईला जाब विचारला नाही. पिशवी भरली आणि संगमनेरला माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला घरात घेतलं. दुसरं काय करणार होते?

आता तिचे सगळे केस पांढरे आहेत. एकदा खिडकीशी बसून ती स्वतःचा हात उलटा-सुलटा करत होती. कडा, सुरकुत्या, डाग, सगळं भिंगातून. मग मला म्हणाली, "कापड असतं ना मावशी, तर मी पासष्ट वर्षांचं सांगितलं असतं."

वैशाखात वाल्मिकचं लग्न ठरलं. तो पत्रिका घेऊन आला. दार तिनंच उघडलं.

"आजी, मावशी हाय का घरात?" त्यानं तिला विचारलं.

ती बाजूला झाली. त्यानं माझ्या पाया पडून पत्रिका दिली, चहा घेतला, आणि ताई कुठं असते काही कळलं का, असं विचारून गेला. मी नाही म्हणाले. ती पडद्यामागं उभी होती.

मी बीजेला आता गच्चीवर जात नाही. घरातलं सुती कापडही हळूहळू देऊन टाकलं. नऊवार, पाचवार, पलंगपोस, सगळं. बोहारणीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आमच्या घरात सुती काही उरलेलं नाही, याची मी खात्री केली होती.

राजेश्वरीनं मला एका गोष्टीबद्दल कधीच विचारलेलं नाही. त्या संध्याकाळी मी काय पाहिलं, हे. मला वाटायचं, तिला माहीत नाही.

कालपासून मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

काल दिवे लागायच्या वेळी तिच्या खोलीतून झिप ओढल्याचा आवाज आला. सावकाश... एकेक दात मोजत. तिच्याकडे झिप असलेलं काहीच नाही.

आणि आज सकाळी मी उठले तर माझ्या उशाशी एक लुगडं ठेवलेलं होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. निळं, तांबड्या काठाचं.

ती दारात उभी होती. खूप दिवसांनी ती हसली.

"आज सुती नेस, मावशी," ती म्हणाली. "बीज आहे."