मास्तरांची मोकळी फेरी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

जिच्याबाबतीत घडलं ती अपेक्षा माझी आत्येबहीण. न्हावऱ्याला राहते. आणि मागच्या सीटवरून सगळं पाहणारी तिची आई, माझी सरूआत्या. दोघीही हयात आहेत. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं खुशाल न्हावऱ्याला जाऊन विचारावं, चहा तरी मिळेल.

अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काही यात नाही. साधी सकाळची गोष्ट आहे. मागच्या वर्षीचा जानेवारी, दुसरा मंगळवार, सव्वासहा वाजलेले. न्हावऱ्याहून पारगावच्या पुलावरून दौंडला जाणारा रस्ता. धुकं असं की बॉनेटच्या पुढं चार-पाच गाड्यांएवढंच काय ते दिसत होतं.

आत्याची किडनी गेलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आठ वाजता तिला दौंडला डायलिसिसला न्यावं लागतं. घरात दोघीच. अपेक्षा शिक्रापूरच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला. गावातला एकजण जीप घेऊन यायचा, पण आला तर आला. एका शुक्रवारी तो आलाच नाही, आणि शनिवारी रात्री आत्याच्या छातीत पाणी भरलं. पुन्हा एक दिवस चुकला तर माझ्याकडे आणू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

म्हणून अपेक्षा गाडी शिकली.

शिरूरला सोपानरावांच्या ड्रायव्हिंग शाळेत. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. साठी ओलांडलेला, बोलायला कंजूष माणूस. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. त्यांनी डावीकडून ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाजवळचा ब्रेकही आपोआप खाली जायचा. त्याआधी ते तांब्याच्या अंगठीनं डॅशबोर्डवर दोनदा वाजवायचे.

टक… टक.

म्हणजे ब्रेक मार. नाही मारलास तर मी मारतोय.

अपेक्षा टेस्ट पास झाली, लायसन हातात आलं, पेढे वाटून झाले. पण मास्तरांची एक रीत होती. लायसन आल्यावर ते प्रत्येकाला एक मोकळी फेरी द्यायचे. ज्या रस्त्यानं तुम्हाला रोज जायचंय, त्याच रस्त्यानं, शाळेच्याच गाडीतून. मास्तर डावीकडे बसायचे, पण चपला काढून, दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून. मदत करायची नाही म्हणजे नाही.

त्या मंगळवारी ते शिरूरहून गाडी घेऊन अंधारातच न्हावऱ्याला आले. आत्या मागं उशी घेऊन आडवी झाली. मास्तरांनी मफलर गुंडाळला, मांडी घातली आणि म्हणाले,

"आता नीट ऐक. धुक्यात जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पायजे. उसाच्या ट्रॉलीला दिवा असतोच असं धरून चालायचं न्हाई. मागून घाई करणाऱ्याला खुशाल जाऊ द्यायचं. आन् डावीकडं बसलेल्याच्या भरवशावर गाडी कवाच चालवायची न्हाई. कळलं का?"

अपेक्षा म्हणाली, "व्हय मास्तर."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

आलेगाव गेलं. मास्तर गप्प. ते नेहमीच गप्प असायचे, त्यामुळे तिला काही वाटलं नाही. काचा बंद होत्या. आतून सगळ्या काचांवर वाफ धरत होती. अपेक्षा हातातल्या फडक्यानं आपली काच पुसायची, की परत धूसर. मागच्या काचाही पांढऱ्या झालेल्या.

फक्त मास्तरांच्या बाजूची काच…

स्वच्छ होती.

आपल्याच बाजूला का धरतंय हे, असं म्हणून ती जरा वैतागली. एवढंच.

पारगावचा पूल आला. भीमेवरून धुक्याचे लोट वर येत होते.

टक… टक.

तिनं ऐकलं. पाय उचलायच्या आतच ब्रेक खाली गेला. तिच्या बुटाच्या शेजारी, आपोआप. पेडल तसं खाली जाताना कसं वाटतं ते तिला पंचवीस दिवसांच्या शिकवणीनं पाठ झालं होतं. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

समोरचं धुकं हललं. उसाची ट्रॉली. दिवा नाही, रेडियम नाही, नुसतं पुलावर उभं असलेलं रान.

अपेक्षाला राग आला. पाय वर घेतो म्हणाले आणि शेवटी दाबलाच ना ब्रेक. तिनं डावीकडे पाहिलं. मास्तर मांडी घालून बसलेले. हनुवटी मफलरमध्ये. डोळे मिटलेले.

"डोळा लागला वाटतं मास्तरांचा," मागून आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे. लांबून आलेत."

अपेक्षाला वाटलं, ब्रेक दाबून पुन्हा मांडी घातली असेल. आपल्या भरवशावर झोपलेत म्हणून थोडं बरंही वाटलं.

चौफुला गेला. पाटसला दौंडकडे वळायचं होतं. वळण्याआधी डावीकडे बघायचं, हे मास्तरांनीच शिकवलेलं. तिनं डावीकडे बघितलं. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. अंगठीचं बोट तिच्या नजरेसमोर होतं.

टक… टक.

बोट हललं नव्हतं.

ब्रेक खाली गेला. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल पुढून सुसाट आडवी गेली.

तिनं त्यावर विचार केला नाही. आठ वाजायला आले होते. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात.

दौंडला सेंटरच्या दारात गाडी लावली. "मास्तर, आलं दौंड." तिनं खांद्याला हात लावला. मास्तर अख्खेच्या अख्खे दाराकडे कलले. मांडी सुटली नाही.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी डोळे पाहिले, जबडा पाहिला. म्हणाले, तासाच्या वर झालंय. थंडीत नक्की सांगता येत नाही, पण अर्ध्या तासातलं हे नाही.

पाटसचा फाटा अर्ध्या तासाच्या आतला होता.

"भीती वाटली का तुला?" मी तिला नंतर विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कायच वाटलं न्हाई. आईला मशीनवर घेतलं. मी बाकड्यावर बसले. पोलिसांनी लायसन मागितलं, दाखवलं. मला भूक लागली होती, दादा. मी वडापाव खाल्ला."

रडू तिला त्या दिवशी आलं नाही. अजून आलेलं नाही.

दुपारी मास्तरांच्या बायको म्हाळसाकाकू आल्या. सोबत त्यांचा भाऊ चांगदेव, गाडी परत न्यायला. पोलिसांनी कलेवर आधीच हलवलं होतं. चपला तेवढ्या गाडीत राहिलेल्या. चांगदेवानं त्या उचलल्या आणि ठेवण्यासाठी डिक्की उघडली. आत गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यानं सहज उलगडलं.

दोन पेडलं. क्लच आणि ब्रेक. सोबत दांडे आणि नट.

"ही डावीकडची," तो म्हणाला. "मोकळ्या फेरीच्या आदल्या सांजेला दाजी खोलून ठिवायचे. पाय माझं ऐकत न्हाई, म्हणायचे. पोरांना सांगायचे न्हाईत."

अपेक्षा पुढं गेली. डाव्या सीटच्या खाली वाकून तिनं रबरी मॅट उचलली. खाली नुसता पत्रा होता.

तिनं मॅट परत नीट घातली.

शुक्रवार काही थांबणार नव्हता. घेऊन ठेवलेली जुनी गाडी दारात उभी होती. आपली साधी, एकाच ब्रेकची. आत्या मागं आडवी झाली. डावी सीट रिकामी. अपेक्षानं गाडी काढली.

चौफुल्याच्या अलीकडे…

टक… टक.

आणि ब्रेक खाली गेला. समोर एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई किंचाळली असेल. नाही. तिला हायसं वाटलं. गेले तीन दिवस तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की त्या दिवशी दोन्ही वेळा गाडी आपण थांबवलीच नव्हती. म्हणजे आपल्याला गाडी येते की नाही हेच आपल्याला माहीत नाही. आणि आई मागं झोपलेली. आता निदान कुणीतरी होतं.

त्यानंतर सवय लागली. पाच आठवडे. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. टक टक आलं की ती नुसती बसून राहायची, पेडल आपलं आपण जायचं. हळूहळू तिचा पाय ब्रेकवर जाईनासा झाला. धुक्यातही ती साठनं जायला लागली. आत्या मागून काही बोलायची नाही.

माझ्याजवळ हे बोलली असती तर मी तिला चार शब्द सुनावले असते. पण ती कुणाशीच बोलली नाही.

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार. परत धुकं, परत पारगावचा पूल.

टक… टक.

अपेक्षा बसून राहिली.

पेडल हललं नाही.

तिनं वाट पाहिली. किती वेळ म्हणाल तर तोंडातून मास्तर हा शब्द निघेपर्यंत. धुक्यातून उसाची ट्रॉली वर आली, बिनदिव्याची, अगदी समोर. मागं आई झोपलेली.

आणि मग तिचा पाय गेला. तिचा स्वतःचा. जीव खाऊन दाबला. गाडी घसरत गेली, वाकडी झाली आणि थांबली. ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे बॉनेटवर टेकले होते.

इंजिन बंद. पुलाखाली पाण्याचा आवाज.

तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मागं आत्या उठून बसली होती. तिचा आवाज शांत होता, रोजच्यासारखा.

"अपे…"

"काय?"

"मास्तरांनी आज पाय वर घेतलेत."

अपेक्षा हलली नाही.

"इतके दिस खालीच असायचे," आत्या म्हणाली.

"आई… तू बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुला दिसतायत."

अपेक्षानं डावीकडे पाहिलं नाही. गाडी चालू केली, मागं घेतली, ट्रॉली पुढं जाईपर्यंत थांबली. आठला पाच कमी असताना आत्या मशीनवर होती.

त्या दिवसापासून टक टक कधी आलं नाही. पाय कायम ब्रेकच्या जवळ असतो, चाळीसच्या वर काटा जात नाही. आता गाडी तीच चालवते, यात शंका नाही.

एकच खोट राहिली आहे. ती डावीकडे बघत नाही. डावा आरसासुद्धा नाही. वळायचं असेल तर मागं बसलेल्या आत्याला विचारते, येतंय का कुणी.

या डिसेंबरात मी एकदा त्यांच्याबरोबर दौंडला गेलो. पुढचं दार उघडायला लागलो तर अपेक्षा म्हणाली, "दादा, मागं बस." मी बसलो. पारगावच्या अलीकडे थंडी वाढली आणि काचा वाफ धरायला लागल्या. माझी, आत्याची, अपेक्षाची.

पुढची डावी काच मी दौंड येईपर्यंत बघत होतो. ती स्वच्छ होती.

आत्या माझ्या शेजारी जागीच होती. मी तिला काही विचारलं नाही.